सातव्या रकान्यातलं 'निरंक'

तो फॉर्म मुलींनी भरला नव्हता, मी भरला होता. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्यात ही गोष्ट मागे पडत गेली आणि ती तशीच पडून राहावी असं मलाही बरेच दिवस वाटत होतं.

कोळवण खोऱ्यातल्या एका शाळेत मी संगणक शिकवते. कंत्राटी आहे. त्याआधी सोळा वर्षं हिंजवडीत नोकरी केली. सासरचं घर इकडचं. सासऱ्यांच्या आजारपणात आम्ही इकडे आलो आणि ते गेल्यावरही राहिलो. शाळेच्या लॅबमध्ये अकरा संगणक आहेत, त्यातले सात चालतात. अकरांपैकी कोणते सात हे रोज वेगळं असतं. पहिल्या वर्षी मी घरून पेचकस घेऊन जायचे. आता तो लॅबच्या कपाटातच असतो.

दरवर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला शाळेत एक पत्रक येतं. विद्यार्थ्यांनी आपल्या भागातली एखादी अडचण सोडवणारं मोबाईल ॲप तयार करावं, अशी ती स्पर्धा. त्या वर्षी मुख्याध्यापकांनी पत्रक माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, तेवढं बघा." आमच्या शाळेत माझ्याकडे आलेलं प्रत्येक काम 'तेवढं बघा' या दोन शब्दांनीच आलेलं आहे.

अकरावीतल्या दोन मुली तयार झाल्या. एक गावातली, उंच, बोलकी. तिच्या वडिलांनी रस्त्याकडेला चार खोल्या बांधल्या आहेत, शनिवार-रविवारी पुण्याहून येणाऱ्यांना भाड्याने देतात. पाहुण्यांशी बोलून बोलून तिला कुणाचीच भीती राहिली नव्हती. दुसरी डोंगरावरच्या वाडीतली. रस्त्यापासून वर पाऊण तास चालत जावं लागतं. ती वर्गात फार कमी बोलायची. घरची बोली वेगळी, त्यामुळे वाक्य आधी मनात जुळवायची आणि मग उच्चारायची. तेवढ्यात वर्ग पुढे गेलेला असायचा.

ॲपची कल्पना या दुसरीची. तिची आई खाली शेतघरांच्या बागांमधून रोजाने कामाला जायची. संध्याकाळी परत यायला एक एसटी. एरवी ती बरोबर येते, पण सुट्टीच्या दिवशी पुण्याच्या गाड्यांनी रस्ता तुंबला, किंवा पावसात झाड आडवं पडलं, की ती कधी येईल याचा नेम नाही. आई फाट्यावर उभी. समोरची जीप ती सोडून देते, कारण एसटी येईल अशी आशा असते. मग एसटीही येत नाही आणि जीपही संपतात.

"गाडी कुठवर आली एवढं कळलं," ती मुलगी म्हणाली होती, "तरी माणूस ठरवू शकतं."

तेवढंच ॲप होतं. गाडीत बसलेल्या किंवा गाडी पाहिलेल्या माणसाने एक बटण दाबायचं, की पुढच्या थांब्यावरच्यांना कळतं. रेंज नसेल तर निरोप फोनमध्ये थांबून राहतो आणि रेंज आली की जातो. थांब्यांची यादी तिने वहीच्या मधल्या पानावर लिहून आणली होती. त्यात एसटीच्या पाटीवरचं एकही नाव नव्हतं. मोठ्या आंब्याचा फाटा, गिरणीची मोरी, पडकं टपरं, बायांचा थांबा. बायांचा थांबा म्हणजे काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तिथं कामावरनं सुटलेल्या बाया बसतात. गाडी थांबत नाही तिथं, पण ड्रायव्हर थांबवतो."

सोळा वर्षांत मी पुष्कळ ॲप बनताना पाहिली. इतकी खरी गरज त्यांतल्या फार थोड्यांच्या मुळाशी होती. हे मी तिला तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "ठीक आहे, सुरू करा."

दोघी लॅबमध्ये रोज शाळा सुटल्यावर तासभर बसायच्या. काही मी शिकवलं, काही त्यांनी व्हिडिओ बघून शिकून घेतलं. एक भाग मात्र त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता: निरोप साठवून ठेवून रेंज आल्यावर पाठवायचा. मी त्यांना नेटवरून तयार कोड काढून दिला. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. जगात कुठेतरी कुणीतरी एखादा तुकडा लिहितो, सगळ्यांसाठी खुला ठेवतो, आणि वर चार ओळींत लिहितो की खुशाल वापरा, फक्त माझं नाव राहू द्या. मी सोळा वर्षं अशा तुकड्यांवर पगार घेतला. त्यात चोरी नाही. मुलींना मी म्हणाले, "हे घ्या, चालतं." नाव राहू द्यायचं असतं हे मी सांगितलं नाही. विसरले असं नाही, मला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही.

काम संपत आलं तेव्हा मी फाइली चाळत होते. प्रत्येकीच्या डोक्यावर त्या इंग्रजी ओळी. मी म्हणाले, "ह्या काढून टाका. जरा नीटनेटकं दिसू दे."

उंच मुलगी म्हणाली, "मॅडम, ह्यात कुणाचंतरी नाव आहे."

"असू दे. काढ."

तिने काढलं.

फॉर्मची शेवटची तारीख आली तेव्हा ऑगस्टचा पाऊस लागलेला होता. ताम्हिणीकडून येणारा वारा असला की आमच्याकडे आधी वीज जाते, मग नेट जातं. दोन दिवस दोन्ही नव्हतं. संध्याकाळी पाचला मुदत संपणार होती. तीन वाजता मी दोघींना घेऊन रस्त्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये गेले. त्यांच्याकडे जनरेटर होता. स्वागतकक्षातल्या मुलीने आम्हाला मागच्या बाकावर बसू दिलं. आमच्या छत्र्यांचं पाणी तिच्या फरशीवर पसरत होतं आणि वॉचमन दोनदा येऊन, आमचं झालं का, ते बघून गेला होता.

फॉर्म लांबलचक होता. मी फोनवर भरत होते. सातवा रकाना असा होता: बाहेरून घेतलेला कोड, चित्रे, आवाज, तसेच कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत यांची संपूर्ण यादी द्यावी. काहीच नसल्यास 'निरंक' लिहावे.

यादी करायची म्हणजे लॅपटॉप उघडायचा, प्रत्येक फाइल बघायची, कुठून काय आणलं ते शोधायचं. अर्धा तास तरी गेला असता, आणि अर्धा तास होता. हे मला नंतर मुद्दाम हिशेब करून कळलं. तेव्हा माझे पाय ओले होते, घरी नवऱ्याला ताप होता आणि दुसऱ्या दिवशी बारावीचे पेपर तपासून द्यायचे होते. मी 'निरंक' लिहिलं.

वाडीवरची मुलगी माझ्या शेजारी चार्जरची वायर धरून बसली होती, सोडली की चार्जिंग थांबायचं. तिने विचारलं, "मॅडम, निरंक म्हणजे?"

"काही नाही," मी म्हणाले.

तिला अर्थ कळला. मी मात्र तिला अर्थ सांगितला की प्रश्न झटकला, हे मला आजही ठरवता येत नाही.

इथे माझी स्वतःची एक गोष्ट सांगायला हवी. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी आम्ही चौघींनी प्रोजेक्ट विकत घेतला होता. पुण्यात एका गल्लीत तेव्हा अशी दुकानंच होती. ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर, काळं पुठ्ठ्याचं कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरांत आमची नावं. बाहेरचे परीक्षक आले, चहा घेत पानं उलटली, एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर दुकानदाराने आधीच पाठ करून घेतलं होतं. आम्ही पास झालो. घरी आईने शेजारी पेढे वाटले. आम्ही चौघींनी यावर पुन्हा कधी एक शब्द काढला नाही. कुणी बघत नाही, हे मी त्या दिवशी शिकले. अभ्यासक्रमातलं बाकी सगळं विसरले, हे राहिलं.

आमच्या मुलींचं ॲप शेवटच्या फेरीत गेलं. शाळेला आनंद झाला, प्रार्थनेच्या वेळी नावं पुकारली गेली. फेरी दिवाळीनंतर होती, पुण्यातल्या एका महाविद्यालयात. तेव्हा आमच्याकडे भाताची कापणी चालू असते, घरात एक हात कमी झाला तरी जाणवतं. तरी वाडीवरची मुलगी आली. पहाटे डोंगर उतरून सहाच्या गाडीला उभी होती. अंगावर शाळेचा गणवेश, पायात धाकट्या मावशीच्या चपला. उंच मुलीने नवा ड्रेस घातला होता. हिला पाहिल्यावर तिने पिशवीतून गणवेश काढला आणि महाविद्यालयात पोचल्यावर बदलून आली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

परीक्षक तिघे होते. त्यांतली एक तिशीची बाई, शांत आवाजाची. मुलींनी ॲप दाखवलं, थांब्यांची नावं सांगितली. बायांचा थांबा ऐकून तिघेही हसले आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मी मागच्या रांगेत बसले होते. मला वाटलं, जमलं.

मग त्या बाईंनी विचारलं, "रेंज नसताना निरोप थांबवून ठेवता, तो भाग फार चांगला आहे. तो कुणी लिहिला?"

उंच मुलगी म्हणाली, "आम्हीच."

ती खोटं बोलायला शिकलेली नव्हती. नाव काढायला मी सांगितलं होतं, यादीत निरंक आहे हे तिला माहीत होतं, मग उत्तर एकच उरत होतं. ते तिने दिलं.

बाईंनी आपला लॅपटॉप मुलींकडे वळवला. मुलींची फाइल एका बाजूला, दुसरीकडे नेटवरची मूळ फाइल. ओळीला ओळ तीच. वरची चार वाक्यं आम्ही काढली होती, पण मधे एका ठिकाणी त्या माणसाचं नाव राहून गेलं होतं. तेवढ्यावरून त्यांनी शोधलं होतं.

"कोड घेतलात यात काहीच गैर नाही," त्या म्हणाल्या. "सगळे घेतात, मीपण घेते. पण नाव खोडलंत, आणि यादीत निरंक लिहिलंत. ते का?"

वाडीवरच्या मुलीने नेहमीसारखा वेळ घेतला. मग म्हणाली, "तो भाग आमचा नाही. नेटवरचा आहे." आणि तिने वळून माझ्याकडे पाहिलं.

"मार्गदर्शक शिक्षिका आहेत का?"

मी उभी राहिले. "मुलींनी खूप मेहनत घेतली आहे," मी म्हणाले.

"ते दिसतंय. नाव कुणी काढलं?"

"मला बघावं लागेल."

हे वाक्य माझं नव्हे, नोकरीतलं. मीटिंगमध्ये चूक आपली असली आणि ती तिथे कबूल करायची नसली की असं म्हणतात. मी सोळा वर्षं म्हटलं असेल. सहज आलं. उंच मुलगी माझ्याकडे बघत नव्हती, दुसरी बघत होती. बाईंनी मान हलवली, काहीतरी लिहिलं आणि आम्हाला बसायला सांगितलं.

दुपारी निकालाचा कागद दाराशी लावला. आमच्या शाळेपुढे लिहिलं होतं: अपात्र, नियम सातचा भंग, उचलेगिरी.

येताना एसटीत दोघी एका बाकावर आणि मी मागच्या. उंच मुलगी खिडकीला डोकं टेकून रडत होती, आवाज न करता. पौडला गाडी थांबली तेव्हा मी शेंगदाणे घेतले आणि पुढे केले. कुणी घेतले नाहीत. वाडीवरच्या मुलीने वळून विचारलं, "मॅडम, तुम्हाला माहीत होतं ना?"

"घरी जाऊन बोलू," मी म्हणाले. घरी म्हणजे कुणाच्या घरी, हे मलाच माहीत नव्हतं.

मुख्याध्यापकांनी फार मनावर घेतलं नाही. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाले. पण गाव लहान आहे आणि उचलेगिरी हा शब्द लांब जातो. उंच मुलीच्या वडिलांनी तिला दोन दिवस बोलून घेतलं आणि विषय संपवला. वाडीवरची मुलगी शाळेत यायची थांबली. कापणी आहे म्हणून असेल, असं मी स्वतःला आठवडाभर सांगितलं. मग तिची वर्गमैत्रीण म्हणाली, "मॅडम, तिला खाली पोरं विचारतात, काय चोरलंस म्हणून."

रविवारी मी वर गेले. पायवाट ओढ्याच्या कडेने जाते, मला पाऊण तासाच्या जागी सव्वा तास लागला. वाडीत दहा-बारा घरं. तिच्या घरासमोरच्या खळ्यावर आई भात झोडत होती. पेंढी उचलायची, लाकडी फळीवर आपटायची, दाणे सांडले की पेंढा बाजूला टाकायचा. मुलगी पेंढ्या आणून देत होती. मला बघून ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. आईने झोडणं थांबवलं नाही.

"बसा," ती म्हणाली. "दमला आसाल."

मी बसले. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, ते सगळं विसरले.

आईनेच विचारलं. "बाई, माजी पोरगी चोर हाय का?"

"नाही."

"मंग कागदावर का लिवलंय?"

मी सांगितलं. आधी कोड कसा असतो ते सांगायला लागले, मग ते सोडून दिलं. म्हणाले, दुसऱ्याची वस्तू वापरायला हरकत नव्हती, कुणाची ते लिहायचं होतं. नाव मी काढायला लावलं. फॉर्म मी भरला. तिथे विचारलं तेव्हा मी बोलले नाही.

आई थांबली. पेंढी हातातच होती. "तितं का न्हाई बोललात?"

"घाबरले. आणि..." मी थांबले. "आणि दमले होते."

"आमी बी दमतो, बाई," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. तिने पेंढी आपटली, दाणे पडले, पेंढा टाकला. "आता मला जे सांगितलं त्ये कागदावर लिवून द्या. त्येंनी कागद लावला न्हवं? तुमी पन लावा. शाळेत लावा. मला वाचता येत न्हाई, पन बाकीच्यांना येतंय."

मुलगी खळ्याच्या कडेला उभी राहून ऐकत होती. मी तिला म्हणाले, "चूक माझी होती. तुझी नव्हती."

तिने तिच्या पद्धतीने वेळ घेतला. म्हणाली, "मला त्या दिवशी निरंकचा अर्थ कळला होता, मॅडम. मी पण काही बोलले नाही."

"तू सोळा वर्षांची आहेस."

"मग?" ती म्हणाली.

मी तिथेच तिच्या वहीच्या पानावर दोन पत्रं लिहिली. एक स्पर्धेच्या आयोजकांना, एक शाळेच्या फलकासाठी. तिने वाचून आईला ऐकवली. आईने एकच दुरुस्ती सांगितली. मी लिहिलं होतं, 'माझ्याकडून अनवधानाने घडले.' अनवधानाने म्हणजे काय, तिने विचारलं. मुलीने सांगितलं. आई म्हणाली, "त्ये काडा."

मी काढलं.

सोमवारी फलकावर पत्र लावलं. मुख्याध्यापकांना आवडलं नाही. "मॅडम, शाळेचं नाव जातं अशाने," म्हणाले. पत्र दोन दिवसांनी काढून घ्या, असं सुचवलं. मी काढलं नाही. ते पावसापर्यंत तिथे होतं, मग ओल येऊन गळून पडलं. शिक्षकांच्या खोलीत काही दिवस माझ्याशी बोलताना लोक फार सांभाळून बोलायचे. मुलगी त्याच आठवड्यात शाळेत यायला लागली. पोरांनी तिला विचारणं थांबवलं, आता पोरं माझ्याकडे बघून कुजबुजायची. ते बरं होतं.

आयोजकांचं उत्तर महिन्याने आलं. निकाल बदलणार नाही, मात्र नोंदीतून उचलेगिरी हा शब्द काढून 'यादी अपूर्ण' असं लिहिलं आहे. मुलींना पुढच्या वर्षी भाग घेता येईल. मार्गदर्शक म्हणून माझं नाव दोन वर्षं देता येणार नाही. खाली त्या शांत आवाजाच्या बाईंनी हाताने एक ओळ लिहिली होती, की पत्र लिहिलंत हे बरं केलंत. मला ती ओळ वाचून बरं वाटलं नाही. झोप मात्र लागली.

पुढच्या वर्षी मुली पुन्हा उतरल्या. मार्गदर्शक म्हणून मराठीच्या सरांचं नाव होतं. सरांना माउस कसा धरायचा इथपासून अडचण होती, आणि त्यामुळे एक चांगलं झालं. मुलींना प्रत्येक गोष्ट सरांना समजेल अशी सांगावी लागली. जी सांगता येईना ती त्यांना स्वतःलाच कळलेली नाही, हे आपोआप उघडं पडायचं. मी लॅबच्या दुसऱ्या टोकाला पेपर तपासत बसायचे आणि ऐकायचे. मध्ये बोलायचं नाही, असं मी ठरवलं होतं, ते मला फार जड गेलं.

त्यांनी यादी केली. निरोप साठवण्याचा कोड कुणाचा, गाडीचं चित्र कुठलं, घंटेचा आवाज कुठून घेतला, कोणती चूक एआयला विचारून दुरुस्त केली आणि त्याने काय सांगितलं. थांब्यांच्या नावांपुढे त्यांनी वाडीतल्या आणि गावातल्या ज्या माणसांनी ती सांगितली त्यांची नावं त्यांना विचारून लिहिली. हे नियमात नव्हतं. बायांच्या थांब्यापुढे आईचं नाव होतं. आणि ज्याचं नाव खोडलं होतं त्या परदेशातल्या माणसाला त्यांनी पत्र लिहिलं, इंग्रजी उंच मुलीचं, मजकूर दोघींचा. त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं. हरकत नाही, आणि एसटी म्हणजे काय?

स्पर्धेत त्यांना बक्षीस मिळालं नाही. सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं, तसं सगळ्यांनाच मिळतं. पहिला नंबर आलेलं ॲप खरोखरच जास्त चांगलं होतं, हे त्यांनीच मला येऊन सांगितलं. आमचं ॲप एक पावसाळा गावात चाललं. नंतर फोन बदलले, नव्या फोनवर ते उघडेना, दुरुस्त करायला दोघींना वेळ नव्हता, बारावी होती. आता गाडीतले लोक मोबाईलच्या ग्रुपवरच लिहितात, गाडी मोरीवर आली म्हणून. तेही चालतं.

माझी दोन वर्षं संपली. पत्रक पुन्हा माझ्या टेबलावर येतं. मागच्या महिन्यात आयोजकांनी विचारलं, नव्या मुलांसाठी नियम आणि अस्सलपणा यांवर चार शब्द लिहून द्याल का. मी बसले लिहायला. नियम आधी वाचा, शेवटच्या दिवशी नाही. घेतलेलं सगळं लिहा, घेण्यात लाज नाही. कल्पना जगात आधी कुणाला सुचलेली असेल तर असू दे, तुम्हाला ती कशी सुचली ते सांगा. एआयने लिहून दिलेली ओळ तुम्हाला समजावून सांगता येईना तर ती काढा, किंवा समजेपर्यंत बसा. एवढं लिहिलं आणि वाटलं, हे सगळं त्या पत्रकातही आहे, मुलं ते वाचत नाहीत, आणि शिक्षक तर मुळीच वाचत नाहीत. वर्गात मी आता नियम मोठ्याने वाचून दाखवते. मुलं जांभया देतात. मलाही कंटाळा येतो. तरी वाचते.

उंच मुलगी पुण्यात वाणिज्य शाखेला आहे, सुट्टीत वडिलांच्या खोल्यांचं बुकिंग बघते. वाडीवरची मुलगी संगणकाच्या डिप्लोमाला गेली, वसतिगृहात राहते. तिचा फोन फारसा येत नाही. गेल्या आठवड्यात दुपारी आला.

त्यांच्या गटाचा प्रोजेक्ट होता. बाकीच्या तिघींनी तो कुणाकडून तरी तयार करून आणला आणि तिचं नाव घातलं. तिने सांगितलं, माझं नाव काढा, मी हे केलेलं नाही.

"मग?" मी विचारलं.

"काढलं त्यांनी. आता मी एकटी वेगळा करतेय. सरांनी परवानगी दिली."

"चांगलं झालं."

ती पुढचं वाक्य जुळवत असावी.

"मॅडम, त्या माझ्याशी बोलत नाहीत. खोली एकच आहे. जेवायला मी एकटी जाते."

मी काहीतरी सांगावं म्हणून तिने फोन केला होता. तू बरोबर केलंस, हे तिला माहीत होतं. हळूहळू सगळं ठीक होईल, हे मला माहीत नव्हतं. मी तिच्या जागी होते तेव्हा काळ्या पुठ्ठ्यावर नाव घालून घेतलं होतं आणि चौघी मिळून जेवायला गेलो होतो.

"शनिवारी येतेस का इकडे?" मी विचारलं. "माझ्याकडे जेव, मग वर जा."

"बघते," ती म्हणाली. "प्रोजेक्ट राहिलाय खूप."

"कुठे अडलंय?"

तिने सांगायला सुरुवात केली. मी कागद ओढला आणि तिला म्हणाले, सावकाश सांग, पहिल्यापासून.